वन्संना घेऊन बसने आणि बोटीने थायलंडला जाऊ का?

कराडहून एका काकूंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं:

"मी ६१ वर्षांची, शाळेत क्लार्क होते, आता रिटायर. मुलगा-सून क्वालालंपूरला असतात. मार्चच्या मध्यावर मी आणि माझ्या वन्सं (वय ६६) महिनाभरासाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. आम्हा दोघींना तिथून बसने आणि बोटीने मलेशियाचं लंकावी बेट, मग थायलंडचं को लिपे बेट आणि तिथून थायलंडच्याच हाट याई शहराला जायचंय. पाडवा मुलाकडे करायचा आणि दुसऱ्याच रात्री बसने निघायचं असं ठरवलंय, म्हणजे पहाटे बोट, दुपारी दुसरी बोट, संध्याकाळी लिपे. मुलगा म्हणतो विमानाने लंकावी बघून परत या, बॉर्डर-बिर्डर नको. बोटवाले पासपोर्ट काढून घेतात असं त्याने कुठेतरी वाचलंय. वन्संचा डावा गुडघा दुखतो, आणि दोघी शाकाहारी आहोत. आयुष्यभर एसटीने फिरलो, आता हे एवढं करावंसं वाटतंय. जावं का?"

काकू, जा. अगदी मनापासून सांगते, जा. मी हा रस्ता माझ्या मावशीबरोबर केलाय, ती तेव्हा ६७ची होती, आणि आजही घरी कोणी आलं की ती त्या लांब होडीचंच सांगत बसते. पण तुम्ही जसं ठरवलंय तसं जाऊ नका. रात्रीची बस, पहाटेची बोट आणि दुपारची दुसरी बोट हे एका दमात करायचं नाही, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तर अजिबात निघायचं नाही.

आधी तारखेचं बघू कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे आणि रमजान संपतोय त्याच्याच आसपास, म्हणजे ईद २०-२१ मार्चला. मलेशियात ईदला हारी राया म्हणतात आणि तेव्हा अख्खं क्वालालंपूर आपापल्या गावाला निघतं, आपल्याकडे गणपतीला मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था असते ना तीच, हायवे तुंबलेला, बसची तिकिटं कधीच संपलेली, लंकावीच्या बोटीला रांगा. त्या गर्दीत दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला घेऊन उभं राहायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूला १३ ते १५ एप्रिल थायलंडचा सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा तिकडच्या गाड्या भरतात. मधली जागा तुमची. पाडवा करा, ईदची गडबड ओसरू द्या, मुलाकडे आठ-दहा दिवस निवांत राहा आणि सोमवारी ३० मार्चला निघा, ७ एप्रिलपर्यंत परत. हवामानाचंही तेव्हा बरं असतं. अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे लंकावी-लिपेकडे, आपल्यासारखाच नैऋत्य मान्सून साधारण मे महिन्यापासून येतो आणि तेव्हा लंकावी-लिपे बोट बंद होते, ती परत ऑक्टोबरच्या सुमारास चालू. हाट याईला मात्र पाऊस उलटा, नोव्हेंबर-डिसेंबरात कोसळतो, २०२५ च्या नोव्हेंबरात तर शहर बुडालं होतं. मार्चअखेर दोन्हीकडे कोरडं. उकडतं खूप, पण कराडच्या माणसाला एप्रिलचं ऊन काय नवीन नाही.

आता रस्ता. क्वालालंपूरच्या बस स्टँडला टीबीएस म्हणतात, बंदर तासिक सलातानला आहे, लोकल ट्रेनने थेट जाता येतं, आणि ते स्टँड कमी, एअरपोर्ट जास्त वाटतं. गेट नंबर, बोर्डिंग पास, खाली उतरायला सरकते जिने. मुलाला म्हणावं सोडायला ये आणि गेटपर्यंत थांब, त्यालाही बरं वाटेल. दिवसाची बस घ्या, सकाळची, क्वाला पर्लिसपर्यंत, लंकावीची बोट त्याच बंदरातून सुटते. सात-आठ तास लागतात. बसमध्ये एका बाजूला एकच खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी रचना असते, खुर्च्या ऐसपैस, पाय लांब करता येतात, वन्संना ती एकटी खुर्ची द्या. एसी मात्र भयंकर, शाल आणि मोजे हातातल्या पिशवीतच ठेवा, डिकीत नाही. वाटेत हायवेवर थांबा घेतात तिथे एकसारख्या दहा बस लागलेल्या असतात, उतरताना आपल्या बसच्या नंबर प्लेटचा मोबाईलवर फोटो काढायचा, मग शोधाशोध होत नाही.

रात्रीची बस का नको म्हणते, तर ती पहाटे चार-पाचला नेऊन सोडते. अंधार, धक्क्यावरची काउंटरं उघडलेली नाहीत, झोप झालेली नाही, आणि पुढे दिवसभर दोन बोटी आणि इमिग्रेशन. त्यात तुमच्या प्लॅनमध्ये सगळं एकात एक अडकवलेलं आहे, बस तासभर उशिरा पोचली की लंकावीची बोट जाते, ती गेली की लिपेची जाते, आणि लिपेच्या हॉटेलचे पैसे गेलेच. म्हणून मी नेहमी एकच सांगते, एका दिवसाला एकच मोठा टप्पा. क्वाला पर्लिसला संध्याकाळी पोचा, साध्या हॉटेलात झोपा, बस स्टँडपासून धक्का चालत जाण्याइतका जवळ आहे. सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन लंकावीची बोट. सव्वा-दीड तासाची, बंद एसी बोट, हा मलेशियातल्या मलेशियातच प्रवास असल्यामुळे शिक्का वगैरे काही नाही, पण तिकिटाला पासपोर्ट दाखवावा लागतो. बसायला मागच्या बाजूला बसा, पुढे जास्त आपटतं.

लंकावीला दोन रात्री राहा. तिथे काय बघायचं ते मुलगा सांगेलच, केबल कार आहे, कुआ या तिथल्या मुख्य गावाच्या धक्क्याजवळ मोठा गरुड आहे, मी त्यात वेळ घालवत नाही.

लिपेच्या बोटीत मात्र एक गोम आहे. लंकावीहून लिपेला जाणाऱ्या बोटी कुआच्या धक्क्यावरूनही सुटतात आणि तलागा म्हणून बेटाच्या पश्चिमेला एक बंदर आहे तिथूनही, कंपनीप्रमाणे. दोन्हींमध्ये टॅक्सीने अर्ध्या तासाच्या वर अंतर. माणसं हॉटेल कुआला घेतात, तिकीट तलागाचं निघतं आणि सकाळी नऊला त्यांना ते कळतं. तिकीट हातात आलं की पहिलं हे बघा की कुठला धक्का. आणि सुटायच्या दीड तास आधी पोचा, कारण मलेशियातून बाहेर पडल्याचा शिक्का तिथेच होतो.

आता पासपोर्टचं. तुमच्या मुलाने वाचलंय ते खरं आहे, बोटीवर चढताना कंपनीचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि लिपेच्या किनाऱ्यावर पोचल्यावर ते थाई इमिग्रेशनकडे गठ्ठ्याने जातात. यात फसवणूक काही नाही, लिपेला मोठा धक्का नाही, इमिग्रेशनचं ऑफिस म्हणजे वाळूला लागून एक छोटी शेड आहे, पन्नास-साठ माणसं एकदम वाळूत उतरतात, म्हणून त्यांनी ही सोय केलीय. पण मला कळतं काय वाटतं ते. परदेशात पासपोर्ट दुसऱ्याच्या पिशवीत जाताना पोटात गोळा येतोच, माझ्या मावशीने तर त्या माणसावरची नजर दीड तास हलवली नाही. तुम्ही एवढं करा, पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो दोन्ही जवळ ठेवा, आणि पासपोर्ट फक्त बोटीवर किंवा काउंटरवर कंपनीच्या माणसालाच द्या, रस्त्यात "मी करून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही नाही. किनाऱ्यावर मग नावं पुकारतात. आपली नावं त्यांच्या तोंडी फार वेगळी होतात, आणि पासपोर्टवर आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव अशी लांब ओळ असली तर त्यातलं कुठलंही एक पुकारतात. मावशीचं नाव तीनदा पुकारून झालं तरी आम्हाला कळलं नव्हतं, शेवटी तिचा फोटो वर धरला तेव्हा कळलं. त्यामुळे सावलीत लांब जाऊन बसू नका, शेडच्या जवळ थांबा. पासपोर्ट परत मिळाला की तिथल्या तिथे उघडून शिक्का बघा, आत आल्याची तारीख बरोबर आहे ना आणि किती तारखेपर्यंत राहता येईल ते. चूक असली तर तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होते, हाट याईला गेल्यावर नाही.

आणि आता गुडघा, ज्याची मला खरी काळजी वाटतेय. मोठी बोट लिपेच्या किनाऱ्याला लागत नाही. ती समुद्रात एका तरंगत्या तराफ्याला लागते आणि तिथून लाकडी लांब शेपटीच्या होडीत बसवून वाळूपर्यंत नेतात. लांब शेपटी म्हणजे इंजिनाचा दांडा मागे पाण्यात लांबवर गेलेला असतो. तुम्ही राजापुरीहून जंजिऱ्याला गेला असाल तर दाराशी होडी हलत असताना पाय कसा टाकायचा ते आठवा, अगदी तसंच आहे हे. पिशव्या आधी होडीवाल्याकडे द्यायच्या, दोन्ही हात मोकळे. होडी लाटेबरोबर खालीवर होते, ती वर आली, तराफ्याच्या जवळपास बरोबरीने, की पाय टाकायचा, खाली जात असताना कधीच नाही. उडी नाही. वन्संनी होडीवाल्याचा पंजा धरायचा नाही, त्याचं मनगट धरायचं आणि त्याने त्यांचं, तशी पकड सुटत नाही. डावा दुखतोय ना, मग आधी चांगला उजवा पाय खाली न टाकता, डावा आधी खाली आणि वजन उजव्यावर, जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवतो तसं. किनाऱ्याजवळ उतरताना गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरावं लागू शकतं, तेव्हा साडी नको, पंजाबी ड्रेस किंवा पँट, आणि मागे पट्टा असलेली रबरी सँडल. तुम्ही लिपेला पोचाल गुरुवारी २ एप्रिलला, त्या दिवशी हनुमान जयंती म्हणजे पौर्णिमा, उधाणाचे दिवस, ओहोटीला पाणी लांब जातं आणि होडी अलीकडेच टेकते, मग वाळूतून जास्त चालावं लागतं. घाई करू नका, सगळ्यात शेवटी उतरा, होडीवाला शेवटच्या माणसाला जास्त वेळ देतो.

ते होडीवाले बरेचदा उराक लावोय समाजाचे असतात, हे तिथले मूळचे समुद्रावरचे लोक, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेले, लिपेवर पर्यटक यायच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारे. मावशीला ज्याने उतरवलं तो साठीचा होता, पायात काही नाही, एका पायाने होडी धरून ठेवलेली आणि दुसऱ्या पायाने वाळू चाचपत, हात मात्र मावशीच्या कोपराखाली पक्का. त्याने तिला एक शब्दही न बोलता अलगद वाळूवर ठेवलं, तिने हात जोडले, त्यानेही जोडले. मी फोटो नाही काढला, पण ते मला लख्ख दिसतं अजून.

हे वाचून वन्सं म्हणाल्या की मला जमणार नाही, तर लिपे सोडा, थायलंड सोडू नका. लंकावीहून परत क्वाला पर्लिसला या, तिथून टॅक्सीने पादांग बेसारला जा, आणि तिथून रेल्वेने हाट याईला. सीमा पायी ओलांडल्यासारखीच होते, कारण मलेशियाचं आणि थायलंडचं इमिग्रेशन एकाच स्टेशनात आहे. कोणाला कमीपणा वाटायचं काही कारण नाही, समुद्र तुम्हाला लंकावीच्या बोटीवर मिळालेलाच असेल. आत्ताच घरी करून बघा, वन्संना चौरंगावरून जमिनीवर आणि जमिनीवरून चौरंगावर कोणाचा तरी हात धरून दहा वेळा चढउतार करायला सांगा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर लिपेला जा.

लिपेहून पुढे स्पीडबोटीने पाक बारा, दीड तासाच्या आसपास, आणि पाक बाराहून व्हॅनने हाट याई, दोन तास. स्पीडबोट लाटांवर आपटते, कंबर धरते, तेव्हा इथेही मागे बसायचं, पुढच्या टोकाच्या जागा तरुण पोरांना मोकळ्या सोडा. व्हॅनची तिकिटं बोटीबरोबर एकत्र मिळतात, एवढं एकत्र तिकीट चालेल, कारण पुढे गाठायची दुसरी बोट नसते. ही राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, तारुताओ म्हणतात, १९७४ पासूनचं, तेव्हा उद्यानाची फी मागितली तर द्यायची, पावती घ्यायची. सुटे भाट, म्हणजे थायलंडचे पैसे, जवळ असू द्या.

कागदांचं आता एकदा नीट वाचा, मुलालाही दाखवा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा येऊ दिलंय आणि ती सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे. ३० दिवस म्हणजे ३० दिवस, महिना नव्हे, मार्च ३१ चा आहे, तुम्ही "महिनाभर" म्हणता तेव्हा बोटावर मोजा, आलेला दिवस धरून. थायलंडने २०२४ च्या जुलैत भारतीयांना ६० दिवस बिनव्हिसा दिले, हा आकडा बदलू शकतो पण तुम्हाला पाचच दिवस हवेत, तरी निघायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्यायचं. दोन्ही देशांचे ऑनलाइन फॉर्म आहेत, मलेशियाचा एमडॅक आणि थायलंडचा टीडॅक, हा दुसरा १ मे २०२५ पासून चालू झाला. दोन्ही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे आणि दोन्ही फुकट आहेत. फुकट हा शब्द लक्षात ठेवा, कारण गूगलवर हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट्स आहेत ज्या डॉलरमध्ये पैसे मागतात. थायलंडच्या फॉर्ममध्ये समुद्रमार्गे येतोय असं निवडायचं. आणि मलेशियात परत येताना एमडॅक पुन्हा नवीन भरायचा, पहिला चालत नाही, हे हमखास विसरलं जातं, हाट याईच्या हॉटेलात बसूनच भरून टाका. मुलाचा पत्ता, त्याच्या कामाच्या परमिटची झेरॉक्स आणि मुंबईचं परतीचं तिकीट कागदावर छापलेलं जवळ असू द्या, अधिकारी विचारतात, आणि उत्तर छोटं द्यायचं, "सन, क्वालालंपूर" आणि किती दिवस, एवढं पुरे. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर शिल्लक हवी. थायलंडमध्ये ते कधीकधी पुरेसे पैसे आहेत का विचारतात, तेव्हा थोडी रोख आणि कार्ड दोन्ही ठेवा.

औषधं त्यांच्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर. आणि एक गंभीर गोष्ट, थायलंडमध्ये दुकानांत गांजाच्या गोळ्या-बिस्किटं दिसू शकतात, रंगीत पाकिटावर पानाचं चित्र असतं, चॉकलेट समजून नातवंडांसाठी काही घेऊ नका, मलेशियात ते घेऊन येणं फार मोठा गुन्हा आहे. दुसऱ्याची पिशवी, पार्सल, "जरा एवढं पलीकडे न्या" असं काहीही घ्यायचं नाही, समोर कितीही गरीब म्हातारी असली तरी.

सुरक्षिततेचं मुलाला काय वाटतं ते मी समजू शकते. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात सीमेवर लढाई झाली, रस्त्याच्या चौक्या बंद झाल्या, त्या बातम्या त्याने बघितल्या असणार. ती सीमा पूर्वेला, तुमच्या रस्त्यापासून शेकडो किलोमीटरवर. पण दक्षिण थायलंडमध्येही एक भाग खरोखर टाळण्यासारखा आहे, यला, पट्टानी आणि नराथिवात हे तीन प्रांत आणि सोंगखला प्रांताचे चाना, थेफा, ना थावी, साबा योई हे चार तालुके, तिथे २००४ पासून बंडखोरांचा हिंसाचार चालू आहे. हाट याई सोंगखला प्रांतात असलं तरी त्या चार तालुक्यांत नाही, पादांग बेसारही नाही, मलेशियातले लोक शनिवार-रविवारी बायकापोरांना घेऊन तिथे खरेदीला आणि खायला येतात. एवढंच सांभाळा की हाट याई स्टेशनवरून सुंगाई कोलोकलाही गाड्या जातात, ती लाइन त्या अशांत भागातून जाते, तुमची परतीची गाडी पादांग बेसारची, चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा आणि कोणालातरी विचारा. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलीस ११५५, इंग्रजी बोलतात. मलेशियात ९९९.

मुलाशी भांडू नका. त्याला कामाला लावा. पहिल्या दोन रात्रींची हॉटेलं त्याने बुक करायची, तिकिटांचे फोटो त्याच्याकडे, आणि तुम्ही रोज दोन मेसेज करायचे, बोटीत बसलो आणि उतरलो. लिपेवर वापरायला एक थाई सिम घेऊन दे म्हणावं, आधीच ई-सिम टाकून दिलं तर आणखी चांगलं. माझ्या मावसभावालाही असंच केलं, नको म्हणणारा माणूस चार दिवसांत स्वतः वेळापत्रकं पाठवायला लागला.

खाण्याचं अवघड नाही पण विचारावं लागतं. मलेशियात तमिळ लोकांची हॉटेलं सगळीकडे, लंकावीलाही, इडली-डोसा-केळीच्या पानावर भात. सकाळी रोटी चानाय मिळते, आपल्या पराठ्याची चुलतबहीण म्हणा, तिच्याबरोबर डाळ देतात पण कधी वर माशाचा रस्सा घालतात, तेव्हा "दाल सहाजा" म्हणायचं, म्हणजे फक्त डाळ. थायलंडमध्ये भाजीतही माशाचं पाणी घालतात, त्याला नाम प्ला म्हणतात, "माय साय नाम प्ला" म्हणजे ते घालू नका. आणि त्यांच्याकडे "जे" म्हणून एक जेवण असतं, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, त्यात मांस-मासे-अंडं तर नाहीच पण कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखं. तो पिवळा झेंडा दिसला की निर्धास्त बसा. बाकी साधा भात कुठेही मिळतो, "खाव प्लाव" म्हणायचं, मेतकुटाचं पाकीट पिशवीत असलं की दोघींचं जेवण झालं. मावशी तर लिपेच्या वाळूत बसून मेतकूट-भात जेवली.

शेवटी घड्याळ. थायलंडपेक्षा मलेशिया एक तास पुढे आहे. जाताना तुम्हाला तास मिळतो, येताना तो जातो, आणि आमचा प्रवास बिघडला तो इथेच. हाट याईहून सकाळी पन्नास भाटाच्या तिकिटाची छोटी गाडी घेतली, खिडक्या उघड्या, रबराच्या बागा, तासाभरात पादांग बेसार. माझ्या घड्याळात क्वालालंपूरच्या गाडीला पाऊण तास शिल्लक होता. स्टेशनच्या घड्याळात ती जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. पुढच्या गाडीत जागा मिळेपर्यंत दुपार उलटली, मावशीच्या बीपीच्या गोळीची वेळ टळली, ती बाकावर शांत बसून होती पण तिचा चेहरा उतरला होता आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. मोबाईलवर भरवसा ठेवू नका, सीमेजवळ तो कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा आणि वेळ आपोआप बदलत राहते, लिपेवर सुद्धा. वन्संच्या हातात साधं काट्याचं घड्याळ असेल तर ते अख्खा प्रवास मलेशियाच्या वेळेवर ठेवा आणि तुमचं थायलंडच्या, आणि प्रत्येक तिकिटावर पेनाने लिहा कुठली वेळ ते. पादांग बेसारहून क्वालालंपूरची गाडी हाट याईच्या गाडीनंतर किमान तीन तासांनी घ्या, मलेशियाच्या घड्याळाने मोजून. ती विजेवरची गाडी आहे, साडेपाच तासांच्या आसपास लागतात, तिचं तिकीट आत्ताच काढून ठेवा, मंगळवार ७ एप्रिलचं, खिडकीशेजारी.